पाण्यात मुळं येतात, कुंडीत लावलं की कुजतं: घरातल्या झाडांच्या कटिंगचं बिनसतं कुठे

पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन किंवा सिंगोनियमचा तुकडा काचेच्या बाटलीत ठेवला, दोन-तीन आठवड्यांत छान पांढरी मुळं आली. मग कुंडीत नर्सरीतली लाल माती भरली, त्यात थोडं शेणखत घातलं आणि कटिंग लावलं. पहिले चार-पाच दिवस पानं टवटवीत. मग खालचं पान पिवळं, मग दुसरं, आणि पंधरवड्याच्या आत खोडाचं बूड काळं पडून मऊ. बाटलीत महिनोन्महिने जगलेला तुकडा कुंडीत महिनाभरही टिकत नाही.

यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: पाणी जास्त झालं. म्हणून पुढच्या खेपेला पाणी हात राखून घातलं जातं, आणि तेही कटिंग जातं, फक्त या वेळी सुकून. दोनदा असं झालं की माणूस ‘आपल्या हाताला गुणच नाही’ म्हणून नाद सोडून देतो. हे मला फार खटकतं. यात हाताचा काही दोष नसतो, दोष त्या अर्धवट उत्तराचा असतो. जो तुकडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडून सुखाने जगत होता, त्याला कुंडीतलं वाटीभर पाणी जास्त कसं होईल? त्याला कमी पडते ती हवा. कटिंगला पहिले दोन-तीन आठवडे ओल भरपूर लागते, पण त्या ओलीत हवाही खेळती लागते. आपल्याकडची माती यातलं एकच काहीतरी देते: ओली असते तेव्हा हवा नसते आणि हवा शिरते तेव्हा ती कोरडीठाक झालेली असते.

आधी उपटून बघा

झाड आजारी दिसलं की पाणी, खत, फवारा यांपैकी काहीतरी करण्याआधी कटिंग बाहेर काढा. हलवू नये, मुळं दुखावतील, असा सल्ला सगळे देतात. पण बूड काळं पडत असेल तर वाट बघण्यात काही हशील नाही. कुंडी आडवी करा, मातीसकट गोळा हातात घ्या आणि साध्या पाण्याच्या भांड्यात बुडवून माती सुटी करा.

आता एक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ पांढरं किंवा मळकट पिवळसर असतं, चिमटीत टणक लागतं आणि ओढलं तर कट्‌कन तुटतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं आणि ओढताच त्याचं वरचं साल हातात येतं. आत फक्त एक बारीक चिवट शीर लोंबत राहते. मातीला साचलेल्या गटारासारखा वास येत असेल, तर आत हवा नव्हती हे नक्की समजा. सुकून गेलेल्या मुळाची गोष्ट वेगळी: ते आकसलेलं, कागदी आणि ठिसूळ असतं, वास येत नाही, साल सुटत नाही आणि खोडाचं बूड बहुधा टणक राहतं, फक्त सुरकुततं. या दोन्हींत वरची पानं मात्र सारखीच दिसतात: मलूल, पिवळी, खाली झुकलेली. म्हणून नुसती पानं बघून निदान करू नका.

बूड कुजलेलं असेल तर धारदार, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने किंवा ब्लेडने खालून वर कापत जा. कापाच्या तोंडावर तपकिरी कडं किंवा ठिपका दिसतोय तोवर आणखी अर्धा इंच वर कापायचं. आतला भाग पूर्ण हिरवट-पांढरा दिसला की थांबायचं. प्रत्येक कापाआधी पातं पुसायचं, नाहीतर कुजकेपणा आपणच वर नेतो. उरलेल्या तुकड्यावर एक तरी गाठ (खोडावर पान फुटतं ती जागा) आणि डोळा (नवा कोंब फुटतो तो उंचवटा) शिल्लक असेल, तर तो सावलीत काही तास कोरडा होऊ द्या आणि नव्याने सुरुवात करा. जुनी माती पुन्हा वापरू नका.

हे सगळं करताना चीक हाताला लागतो. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, डिफेनबाकिया ही सगळी मंडळी अळू आणि सुरणाच्याच कुळातली. अळू खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच यांच्यातही असतात. डोळ्याला हात लावू नका, आणि घरात रांगणारं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर कापलेले तुकडे जमिनीवर ठेवू नका.

बाटलीत चालतं ते कुंडीत का चालत नाही

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि हवेच्या तुलनेत तो पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. तरीही बाटलीत भागतं, कारण पाण्याचं तोंड वरून उघडं असतं, त्या पाण्यात प्राणवायूला दुसरे वाटेकरी फारसे नसतात आणि आपण दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलून नवा साठा पुरवतो. शिवाय पाण्यात वाढलेली मुळं त्या परिस्थितीला साजेशी घडतात. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या जास्त, केसमुळं (मुळांवरचे केसासारखे बारीक धागे) कमी आणि एकूण अंग ठिसूळ.

हीच मुळं चिकण मातीत गेली की एकदम दोन संकटं येतात. ओल्या मातीच्या बारीक पोकळ्या पाण्याने भरून जातात, वरून हवा येत नाही आणि जो थोडा प्राणवायू आत असतो तो मातीतले सूक्ष्मजीव संपवतात. शेणखत घातलं असेल तर आणखी लवकर, कारण त्यांना खायला मिळालेलं असतं. गुदमरलेलं मूळ कमजोर होतं आणि मग पिथियमसारखे बुरशीसदृश जीव त्यावर तुटून पडतात. त्यांची बीजं पाण्यातून पोहत मुळापर्यंत येतात. दुसरं संकट उलट्या बाजूचं. केसमुळं नसल्यामुळे ही मुळं मातीच्या कणांना घट्ट चिकटलेलं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून त्याच मातीत पाणी थोडं कमी केलं तरी ती सुकतात. मधला सुरक्षित पट्टा इतका अरुंद असतो की अनुभवी माळ्यालाही त्यावर चालणं जड जाईल.

म्हणून पाणी किती घालावं, या प्रश्नाच्या मागे लागू नका. कशात लावावं, हा खरा प्रश्न आहे. ते बरोबर असेल तर पाण्याची चूक माफ होते.

कुंडीत काय भरायचं

पुण्या-मुंबईच्या नर्सरीत पिशवीतून मिळणारी लाल माती बागेत, मोठ्या झाडाला ठीक आहे. घाटावरची काळी माती तर ओली झाली की फुगते आणि सुकली की तडे जातात. कापसाला ती सोन्यासारखी, पण चार इंची कुंडीतल्या कोवळ्या मुळांना नाही. कटिंगच्या पहिल्या कुंडीत माती अजिबात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, तेही नको. ते हाताला हलकं लागतं म्हणून हवेशीर वाटतं, पण भिजलं की लहान कुंडीत चिखलासारखं बसतं.

मी जे मिश्रण सुचवते ते असं: मापाने दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग परलाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, फुलवलेल्या खडकाचे दाणे) आणि एक भाग कोळशाचे बारीक तुकडे. परलाईट महाग वाटत असेल किंवा गावात मिळत नसेल, तर वीट फोडून चाळून घ्या आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे ठेवा, पूड टाकून द्या. कोकणात भाताच्या गिरणीवर तुसं मिळतात, तीही चालतात. नारळाच्या सोडणाचे छोटे तुकडे मॉन्स्टेराला फार मानवतात. परलाईट ओतण्याआधी त्यावर थोडं पाणी शिंपडा, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

कोकोपीट धुणं हा भाग लोक गाळतात. नारळाची सोडणं अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात आणि त्यातलं मीठ दाबून बनवलेल्या कोकोपीटच्या विटेत उरतं. पाच किलोची वीट भिजली की साधारण साठ-सत्तर लिटर कोकोपीट होतं. त्यातलं लागेल तेवढं घमेल्यात घेऊन भरपूर पाण्यात भिजवा, जुन्या सुती कापडात पिळा, आणि पिळलेलं पाणी चहासारखं गडद न राहता फिकट होईपर्यंत हे पुन्हा करा. पानांच्या कडा करपत असतील आणि मुळांची टोकं तपकिरी असतील, पण कुजका वास येत नसेल, तर संशय या मिठावर घ्या.

मिश्रण जमलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. घरच्या घरी मोजता येतं. अर्धा लिटरची कुंडी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाची भोकं बाहेरून चिकटपट्टीने बंद करा आणि मिश्रण नेहमीसारखं भरा. मग वरून हळूहळू पाणी ओतत राहा, पाणी अगदी काठाशी दिसेपर्यंत. अर्धा तास थांबा, खाली गेलं तर पुन्हा भरा. आता कुंडी एका भांड्यावर धरून चिकटपट्टी काढा आणि थेंब थांबेपर्यंत सगळं पाणी गोळा करा. जितकं पाणी बाहेर आलं तितकी जागा आता हवेने घेतली. अर्ध्या लिटरच्या कुंडीतून किमान १०० मिली यायला हवं. १२५ ते १५० आलं तर उत्तम. हाच प्रयोग लाल मातीवर करून बघा. थोडंसंच पाणी येतं आणि बाकीचं आत अडून राहतं. हे एकदा प्रत्यक्ष दिसलं की कटिंग का मरतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

निचऱ्यासाठी तळाला खडे किंवा खापऱ्यांचा थर घालायची पद्धत घरोघरी आहे. माझी आजीही घालायची. पण लहान कुंडीत त्याने उलट नुकसान होतं. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहजी उतरत नाही. वरच्या थराचा तळ पूर्ण चिंब झाल्यावरच ते खाली जायला लागतं. म्हणजे चार इंची कुंडीत इंचभर खडे घातले, तर तो चिंब राहणारा पट्टा इंचभर वर, थेट मुळांत येतो. भोकावर एक खापरी ठेवा म्हणजे मिश्रण वाहून जाणार नाही. तेवढंच पुरे. खडे घालायचेच असतील तर मिश्रणात मिसळा.

कुंडीचा आकारही इथेच येतो. ‘वाढणारच आहे’ म्हणून आठ इंची कुंडीत दोन पानांचं कटिंग लावलं की मुळं पोहोचत नाहीत तो सगळा भाग आठवडाभर ओलाच राहतो. तीन-चार इंची कुंडी, किंवा भोकं पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या. ग्लासाचा फायदा म्हणजे मुळं कडेला आलेली दिसतात, उपटून बघावं लागत नाही.

हलवायचं कधी आणि कसं

बाटलीत मुळं लांब होऊ देण्याचा मोह होतो. दिसायलाही सुंदर दिसतात. पण जितकी लांब, तितकी ती पाण्याला सरावलेली आणि हलवताना मोडणारी. मूळ दीड-दोन इंच झालं आणि त्याला बाजूने बारीक उपमुळं फुटायला लागली की लगेच हलवा. आधीच वीतभर गुंता झाला असेल, तर मोडतील ती मोडू द्या; टणक बूड आणि काही इंच मूळ शिल्लक असलं तरी पुरतं.

लावताना कटिंग कुंडीत हाताने अधांतरी धरा, दुसऱ्या हाताने भोवती मिश्रण सोडा आणि कुंडी ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा. अंगठ्याने दाबून बसवू नका. दाबलं की हवेसाठी केलेली सगळी खटपट वाया जाते आणि मुळंही मोडतात. झाड डुलत असेल तर बारीक काडीला सुतळीने सैल बांधा. मग तळातून वाहीपर्यंत पाणी घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका.

पहिले दोन आठवडे मिश्रण सुकू द्यायचं नाही. इथे बरेच जण कचरतात, कारण जास्त पाण्याची धास्ती घेतलेली असते. वर सांगितलेल्या मिश्रणात ही भीती बाळगायचं कारण नाही. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा. ती ओलसर असली पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून दोन पाण्यांमधलं अंतर थोडं थोडं वाढवा, म्हणजे नवी मुळं पाण्याच्या शोधात निघतात आणि त्यांना केसमुळं येतात. जुनी पाण्यातली मुळं याच काळात काही अंशी मरतात. ते स्वाभाविक आहे आणि खालचं एखादं पान त्यापायी गेलं तरी घाबरू नका.

या दोन आठवड्यांत मुळं अर्धवटच काम करतात, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडेल अशी सोय करावी लागते. कुंडीवर पारदर्शक प्लास्टिक पिशवी सैल घाला, पानांना चिकटू देऊ नका, आणि रोज एकदा काढून हवा द्या. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टला याची गरज नाही, हवाच भरपूर दमट असते. तिथे पिशवी घातली तर बुरशीच येते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये मात्र पिशवीशिवाय करू नका. खरं तर तेव्हा कटिंगच करू नका. पुण्या-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरतं आणि ही सगळी उष्ण प्रदेशातली झाडं तेव्हा मुळं फुटणं जवळजवळ थांबवतात. मुळांना २२ ते ३० अंश मानवतात. थंडीत महिनाभर काहीच घडलं नाही तर कटिंग मेलं असं समजू नका. बूड टणक असेल तर ते थांबलेलं आहे.

उजेड भरपूर, पण ऊन नको. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, जिथे दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता येतं, ती जागा. अंधाऱ्या कोपऱ्यात ‘नाजूक आहे म्हणून’ ठेवलेलं कटिंग हमखास कुजतं, कारण मुळं करायला लागणारं अन्न पानं बनवूच शकत नाहीत.

खत? नवं पान पूर्ण उलगडेपर्यंत काही नाही. गांडूळखतसुद्धा नाही. पहिल्या कुंडीत सेंद्रिय खत घातलं की काळी चिलटंही येतात, आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. आलीच तर वरचा अर्धा इंच सुकू द्या आणि पिवळे चिकट कागद लावा.

बाटलीतच कुजत असेल तर

कित्येकांचं घोडं याच्याही आधी अडतं. तेव्हा पहिल्यांदा बघायचं ते हे, की तुकड्यावर डोळा आहे का. उसाची टिपरी लावताना शेतकरी डोळा बघूनच कापतो. डोळा नसलेलं कांडं कोणी लावत नाही. इथेही नियम तोच. मॉन्स्टेराचं सुंदर फाटलेलं पान लांब देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोन्महिने हिरवं राहतं, कधी मुळंही फुटतात, पण त्यातून दुसरं पान कधीच येत नाही. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, होया, रबर या सगळ्यांना खोडावरची गाठ लागतेच. नुसत्या पानावरून येणारी झाडं वेगळी: स्नेक प्लांट, झीझी, पेपरोमिया, रेक्स बिगोनिया. त्यातही झीझीचं पान आधी जमिनीखाली गाठोडं करतं आणि कोंब वर यायला कित्येक महिने घेतं. त्याला डिवचू नका. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटची पानं कापून लावली तर पोरं साधी हिरवी निघतात. पिवळा काठ हवा असेल तर मुळाशी फुटलेला फुटवा कंदासकट वेगळा करावा लागतो. कलाथिया आणि पीस लिली यांची कटिंग करण्याच्या भरीस पडू नका, त्यांचे गड्डेच विभागायचे.

डोळा आहे आणि तरी कुजतं, तर काप बघा. गाठीखाली दोन-तीन इंच खोड सोडलेलं असेल तर ते बिनकामाचं खोड पाण्यात आधी कुजतं आणि कुज वर चढते. गाठीखाली अर्धा इंच पुरतो. गाठीभोवती सुकलेलं पापुद्र्यासारखं आवरण असेल तर नखाने सोलून काढा, तेच पहिलं नासतं. मॉन्स्टेराचं जुनं, तपकिरी, वाळलेलं हवाई मूळ पाण्यात बुडवू नका. ते इंचभर ठेवून कापा आणि टोक सुकू द्या. काप घेतल्यावर तासभर सावलीत ठेवून मगच पाण्यात घाला; झीझी आणि स्नेक प्लांटला दोन-तीन दिवस. पाणी फक्त गाठ बुडेल इतकं, पान एकही पाण्याखाली नको. बाटली गडद रंगाची घ्या किंवा कागदात गुंडाळा, म्हणजे शेवाळ धरत नाही. आणि ती उन्हाच्या खिडकीत ठेवू नका: पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि कुजवणारे जीव जोरात वाढतात. म्हणजे पुन्हा तोच हवेचा प्रश्न.

मॉन्स्टेरासारख्या जाड खोडाच्या कटिंगसाठी मी तर पाण्याची पायरीच गाळा म्हणते. ओलसर मॉसमध्ये (नर्सरीत मिळणारं वाळवलेलं शेवाळ) किंवा नुसत्या ओल्या परलाईटमध्ये, झाकलेल्या डब्यात ठेवा. तिथे फुटलेली मुळं सुरुवातीपासून हवा आणि ओल दोन्हींत वाढतात, आणि कुंडीत गेल्यावर त्यांना जड जात नाही.

दालचिनी, हळद, मध, कोरफड, ॲस्पिरिन: यावर खूप विचारलं जातं. दालचिनी आणि हळद बुरशीला थोडाफार अटकाव करत असतील, पण त्यांनी मुळं फुटत नाहीत, आणि हवा नसलेल्या मातीत त्या काहीच वाचवू शकत नाहीत. मुळं फुटतात ती ऑक्झिन या संप्रेरकामुळे, जे कोंब आणि कोवळी पानं स्वतः बनवून खाली कापाकडे पाठवतात. म्हणूनच सगळी पानं काढून टाकलेलं कटिंग रेंगाळतं. दुकानातल्या रूटिंग पावडरमध्ये इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, तेही त्याच जातीचं. मनीप्लांटला त्याची काही गरज नाही. मूळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचं हे झाड आपणहून जवळजवळ फुलतच नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं बनवता येत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे आपल्या बाल्कनीतले मनीप्लांट हे पिढ्यान्‌पिढ्या कटिंगमधूनच आलेत. जे झाड असंच जगभर पोहोचलं ते आपल्या हातून मरत असेल, तर कुंडीत भरलेल्या गोष्टीकडे बोट दाखवणंच योग्य.

रबर प्लांटचं वेगळं का

पावडर उपयोगी पडते ती रबर प्लांट आणि फिडल लीफसारख्या लाकडी खोडाच्या झाडांना. पण त्यांची कटिंग पाण्यात ठेवून वाट बघत बसण्यापेक्षा मी थेट गुटी कलम सुचवते, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची. डाळिंब आणि कागदी लिंबाच्या बागा असलेल्या घरांत ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, मात्र घरातल्या कुंडीवर ती करायचं कोणाच्या मनात येत नाही. यात फांदी आईपासून तुटतच नाही, पाणी मिळत राहतं, त्यामुळे सुकण्याचा प्रश्न निघतो.

पेन्सिलीएवढ्या किंवा थोड्या जाड फांदीवर, गाठीच्या लगेच खाली, पाऊण ते एक इंच रुंदीची साल गोल काढा. दुधासारखा चीक वाहील, तो ओल्या फडक्याने थांबेपर्यंत पुसा. अंगाला लागला तर धुवा. आतल्या लाकडावरचा हिरवट बुळबुळीत थर ब्लेडने नीट खरवडा. हा राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. गुटी फसते ती बहुतेक वेळा इथेच. वरच्या काठाला पावडर लावा. मॉस पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळा, एक थेंबही गळता कामा नये, आणि त्याचा मूठभर गोळा जखमेभोवती बसवून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा. दोन्ही टोकं सुतळीने बांधा, वरचं टोक जास्त घट्ट, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. मॉस चिंब ठेवला तर इथेही तेच होतं जे लाल मातीत होतं: साल काळी पडते आणि आंबूस वास येतो.

जून-जुलैत केलेल्या गुटीला साधारण दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसायला लागतात. एखादं दिसलं म्हणून घाई करू नका. गोळ्याच्या सगळ्या बाजूंनी दिसू द्या. मग गोळ्याच्या खाली कापा, पानं जास्त असतील तर दोन-तीन ठेवून बाकीची उतरवा, आणि वर दिलेल्याच मिश्रणात लावा. लावताना प्लास्टिक काढायचं, मॉस मात्र मुळांना तसाच राहू द्यायचा. तो सोडवायला गेलात तर नवी मुळं त्याच्याबरोबर निघून येतात.